बेडचा हिशेब ठेवणारी मास्तरीण

ऑफिसात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. पूर्वी ती कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायची. समोर चार माणसं बसलेली दिसली की तिचा हात आपोआप फळ्याकडे जायचा, म्हणून आल्या आल्याच ती ‘मास्तरीण’ झाली आणि मास्तरीणच राहिली. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर पांढरी बट, चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तोच शोधत टेबल धुंडाळणारी. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत दोन खोल्यांच्या घरात राहायची. भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. घरात पलंग एकच होता आणि तिची पाठ धरायची म्हणून तो तिला दिलेला. धाकटा खाली गादी घालता घालता रोज तेच म्हणायचा, “सगळ्या शहराला बेड वाटते आणि सख्ख्या भावाला फरशीवर झोपवते.” भावजय हसायची. मास्तरीणही हसायची. रोजचाच विनोद, पण तो झाल्याशिवाय दिवा मालवल्यासारखं वाटायचं नाही.

शहरातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांचे बेड एकाच प्रोग्रॅममधून दिले जायचे. तो चालायचा ते ऑफिस औषधांच्या गोदामावरच्या मजल्यावर होतं. जिन्यात फिनेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. आत एक लांबट खोली, भिंतीवर मोठा स्क्रीन, कोपऱ्यात सर्व्हरची काचबंद खोली. त्या एकाच खोलीत थंडगार असायचं, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांना तिथे काही ना काही काम निघायचं.

मूळ प्रोग्रॅम दादांनी लिहिलेला. दादा म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा होता: व्हेंटिलेटरचे रिकामे बेड किती. दोन रुग्णालयांच्या काऊंटरवरून एकाच क्षणी मागणी आली, की दोघांनाही तो आकडा ‘एक’ दिसायचा. दोघंही त्यातून एक वजा करायचे आणि दोघांनाही ‘बेड मिळाला’ असं उत्तर जायचं. मग एकाच बेडपाशी दोन स्ट्रेचर उभी राहायची आणि नातेवाईक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. त्यावर उपाय म्हणून दादांनी कुलपं घातली. एकाचं काम चालू असेपर्यंत तो बेड दुसऱ्या कुणाला दिसायचाच नाही. बेडला एक कुलूप, व्हेंटिलेटरला एक. झालं काय, की एका काऊंटरने बेड धरून ठेवला आणि तो व्हेंटिलेटर सुटायची वाट बघत बसला. दुसऱ्याने व्हेंटिलेटर धरून ठेवला आणि तो बेड सुटायची वाट बघत बसला. दोघंही जागचे हलेनात. शहरभरचे स्क्रीन अर्धा दिवस गोठले. बेडही रिकामा होता, व्हेंटिलेटरही रिकामा होता आणि रुग्णाने पोर्चमध्येच प्राण सोडला. त्यानंतर मास्तरणीला बोलावणं आलं.

तिने पहिल्याच दिवशी दादांना फळ्यासमोर बसवलं.

“दादा, आपण आकडा बदलतो, तिथेच सगळं बिनसतं. बदलायचंच नाही.”

“म्हणजे बेड भरला तरी भरला म्हणून लिहायचं नाही?”

“लिहायचं, पण जुन्यावर गिरवून नाही. असं समजा, या क्षणी शहरातला प्रत्येक बेड आणि प्रत्येक व्हेंटिलेटर कसा आहे, त्याचा एक फोटो काढलाय. त्या फोटोत कुणाला खाडाखोड करता येत नाही. मागणी आली की आपलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला हिशेब करणारा तुकडा, तो फोटो बघणार आणि त्यावरून दुसरा, नवा फोटो तयार करून देणार. बाकी कशालाही ते हात लावणार नाही. तोच फोटो आणि तीच मागणी दिली, की शंभरदा तेच उत्तर.”

“आणि दोघांनी एकदम दोन नवे फोटो तयार केले तर?”

तिने फळ्यावर एक खिळा काढला. “खिळा एकच. आपला फोटो टांगण्याआधी विचारायचं, मी ज्या फोटोवरून सुरुवात केली तोच अजून खिळ्यावर आहे का? असेल तर माझा टांगायचा. नसेल तर कुणीतरी आपल्या आधी टांगून गेलंय. मग आपला टाकून द्यायचा आणि खिळ्यावरचा ताजा घेऊन तेच फंक्शन पुन्हा चालवायचं. बेड आणि व्हेंटिलेटर एकाच फोटोत, त्यामुळे एक धरून दुसऱ्यासाठी अडून बसायचा प्रश्नच नाही.”

“कुलूप एकही नाही?”

“एकही नाही. जो मागे पडला, तो नुसता पुन्हा करून बघतो.”

दादा म्हणाले, “या वयात तुम्ही मला दुसरं लग्न करायला सांगताय, बाई.” पण शिकले. आपल्या हाताने लिहिलेली कुलपं आपल्याच हाताने काढताना त्यांचं तोंड उतरलेलं असायचं, तरी त्यांनी ती एकूण एक काढली.

नवा प्रोग्रॅम चालू झाला आणि एका बेडपाशी दोन स्ट्रेचर यायची थांबली. स्क्रीन गोठायचे थांबले. मास्तरणीने आयुष्यात ताठ मानेने मिरवलं असेल तर त्याच दिवसांत. घरी भावाला भाताच्या ताटावर बसवून ती खिळा आणि फोटो समजावून सांगायची आणि तो म्हणायचा, “ताई, भात गार झाला, नवा फोटो काढ.”

खात्याचे साहेब तसे वाईट नव्हते, पण त्यांना वरून फोन यायचे. एकदा त्यांनी तिला आत बोलावून दार लोटलं.

“एखादा बेड हातचा राखून ठेवायची काही सोय होईल का? कधीमधी लागतं.”

“फंक्शनला माणूस दिसत नाही साहेब, मागणी दिसते. तुम्हाला माणूस बघून द्यायचा असेल तर मग प्रोग्रॅम कशाला हवा?”

“मी फोनवर काय सांगू?”

“सांगा, मास्तरीण ऐकत नाही.”

साहेबांनी खरंच तसं सांगायला सुरुवात केली आणि हळूहळू ते फोन कमी झाले. फक्त एक सोय तिला स्वतःकडे ठेवणं भाग होतं. वीज जाऊन सगळंच कोलमडलं, तर रुग्णालयांना फोन करून, हाताने पूर्ण फोटो तयार करून खिळ्यावर टांगायची सोय. त्या सोयीचा पासवर्ड तिच्याकडेच होता. तशी सोय आहे हे साहेबांना माहीत होतं आणि दादांना माहीत होतं. ती वापरायची वेळ कधी आली नव्हती.

त्या वर्षी थंडीत शहरात फुप्फुसाच्या तापाची साथ आली. धाकटा खोकत होता, पण दुकानात काचांची बारीक पूड नाकातोंडात जायचीच, त्यामुळे खोकला त्याच्या पाचवीला पुजलेला. कुणी मनावर घेतलं नाही. त्यानेही नाही. एका सकाळी उठून तोंड धुवायला गेला आणि बेसिनला धरून खाली बसला. ओठ निळसर पडलेले. भावजयीने शेजाऱ्याच्या गाडीत घालून जवळच्या रुग्णालयात नेलं. मास्तरीणही सोबत निघायच्या घाईत होती. भावजयच म्हणाली, “तुम्ही ऑफिसात जा वन्सं. तिथून काही लागलं तर तुम्हीच बघाल.”

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला.

“डॉक्टर म्हणतात व्हेंटिलेटर लावावा लागेल आणि इथे नाहीये.” भावजयीचा आवाज अगदी सपाट होता. “काऊंटरवाल्या बाईंनी आत्ता मागणी टाकली.”

“टाकली ना? मग येईल. मी बघतेय.”

तिने वर स्क्रीनकडे पाहिलं. अख्ख्या शहरात व्हेंटिलेटरचा एक बेड हिरवा, म्हणजे रिकामा होता. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो लाल झाला.

तिने पटापट कळफलक बडवून पाहिलं. धाकट्याच्या मागणीने फोटो उचलला होता, त्या फोटोत बेड रिकामा होता, नवा फोटो तयारही झाला होता. पण पापणी लवायच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या काऊंटरचा फोटो खिळ्यावर लागला होता. धाकट्याचा फोटो टाकून दिला गेला, फंक्शन पुन्हा चाललं आणि ताज्या फोटोत रिकामा बेड नव्हता. ‘प्रतीक्षेत पहिला.’ चूक शोधायला ती दोनदा वरपासून खालपर्यंत बघून गेली. चूक नव्हती. सगळं तिने फळ्यावर काढलं होतं तसंच्या तसं झालं होतं.

दादांच्या स्क्रीनवरही तीच प्रतीक्षायादी होती आणि त्यात तिच्या भावाचं आडनाव होतं. ते उठले, साहेबांच्या खोलीत गेले आणि दोघंही बाहेर आले. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

“तो दुसरा रुग्ण अजून निघायचाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “गाडीला वेळ लागेल. मी आत जातो. दादा माझ्याबरोबर येताहेत. आम्ही काही पाहिलेलं नाही.”

दोघं आत गेले आणि दार लागलं.

मग तिने त्या सोयीचा पासवर्ड टाकला.

खिळ्यावरचा फोटो तिने उघडला. त्या बेडसमोर दुसऱ्या रुग्णाचा नंबर होता. तो तिने खोडला आणि भावाचा नंबर लिहिला. बाकी काही बदललं नाही. तिने ‘टांगा’ हे बटण दाबलं. उत्तर आलं: फोटो जुना झाला आहे.

ती लिहीत होती तेवढ्यात कुठल्याशा रुग्णालयातून कुणाला तरी घरी सोडलं होतं, साध्या वॉर्डातून, आणि खिळ्यावर दुसरा फोटो आला होता. तिने ताजा उघडला. नंबर शोधला, खोडला, भावाचा लिहिला. फोटो जुना झाला आहे. साथीचे दिवस, भर दुपार. सगळ्या शहराचे काऊंटर क्षणाक्षणाला काही ना काही नोंदवत होते. काऊंटरची मागणी हुकली की फंक्शन आपलं आपण पुन्हा चालायचं. पण तिने फंक्शन लिहिलं नव्हतं, ती हाताने फोटो खोडत होती आणि हात एवढा चपळ नव्हता. दोन ओळींचं फंक्शन लिहिलं असतं तर पहिल्या फटक्यात झालं असतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. तरी ती ताजा फोटो उघडून हातानेच नंबर शोधत राहिली. फंक्शन का लिहिलं नाही, हे तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही.

पुन्हा एकदा फोटो उघडला तेव्हा त्या बेडसमोर ‘रुग्ण दाखल’ असं आलेलं होतं. गाडी लवकर पोचली होती. आता नुसता नंबर बदलून भागणार नव्हतं, कुणीतरी जाऊन एका माणसाच्या तोंडातली नळी काढायला हवी होती. तिने स्क्रीनवरचा फोटो बंद केला. डब्यात पोळी तशीच होती, ती तिने कागदात गुंडाळून ठेवली.

साहेब बाहेर आले. स्क्रीनवर त्या बेडसमोर जुनाच नंबर पाहिला. तिच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून परत आत गेले.

धाकट्याला बेड मिळाला तो दुसऱ्या दिवशी, लांबच्या रुग्णालयात. तोवर त्याला कुणी हाक मारलेली कळत नव्हती. मास्तरीण काचेबाहेर उभी राहायची. त्याची बोटं चादरीवर काहीतरी घासल्यासारखी हलायची, काच घासताना हलायची तशी. नर्स म्हणाली, तसं होतं, त्याचा काही अर्थ नसतो. पाच-सहा दिवस ते चाललं आणि मग थांबलं.

भाऊ गेल्यावर ऑफिसात ती परतली तेव्हा तिच्यासाठी खुर्ची ओढून द्यायला तिघं उठले. साहेबांनी खात्याच्या बैठकीत तिचं उदाहरण दिलं होतं. सख्खा भाऊ प्रतीक्षेत होता, अधिकार हातात होता आणि या बाईने बोट हलवलं नाही. ही गोष्ट रुग्णालयांच्या काऊंटरपर्यंत पोचली होती. अनोळखी माणसं फोनवर आवाज उतरवून तिच्याशी बोलायची. एका नर्सने तर सांगितलं, तुमची गोष्ट ऐकल्यापासून आमच्याकडे कुणी ओळखीचं नाव पुढे सरकवत नाही. ती ‘बरं’ म्हणायची आणि फोन ठेवायची.

एकदा ती दादांसोबत सर्व्हरच्या खोलीत उभी होती. तिथे पंख्यांच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नसे.

“दादा, मी केला होता प्रयत्न. चार-पाच वेळा.”

“माहितीये,” दादा म्हणाले. “टाकून दिलेल्या फोटोंची नोंद राहतेच की. तुमचीच पद्धत. मी त्याच संध्याकाळी पाहिलं.”

“मग साहेबांना सांगितलं का नाही?”

“काय सांगू? की मास्तरीण माणूस आहे?” त्यांनी उगाचच एका वायरीवरची धूळ पुसली. “बाई, लोकांना एक चांगली गोष्ट मिळालीये. ती राहू द्या त्यांच्याकडे.”

“माझं काय?”

दादा दाराकडे वळत म्हणाले, “चला, इथे गारठा फार आहे.” पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. प्रोग्रॅम आतून-बाहेरून समजणारी ती एकटीच उरली, त्यामुळे तिला सोडूनही जाता येईना.

त्या दुसऱ्या रुग्णाची चौकशी तिने केली नाही. पण स्क्रीन तिच्या समोरच असायचा. भाऊ गेल्यानंतरच्या आठवड्यात तो बेड लाल होता आणि मग एका सकाळी हिरवा झाला. बेड का रिकामा झाला, तेही प्रोग्रॅम लिहून ठेवायचा. बरा होऊन घरी गेला, हलवला, की मृत्यू. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. मृत्यू. मिनिटभराने तो बेड आणखी कुणाला तरी गेला.

घरात दोघी बायका एकमेकींच्या वाटेतून बाजूला होत राहायच्या. एकीने गॅस पेटवला की दुसरी बाहेरच्या खोलीत. मास्तरणीने पलंग सोडला आणि ती खाली गादी घालू लागली. भावजयही पलंगावर झोपेना. पलंग रिकामाच असायचा, वर घडी केलेल्या चादरी. रात्रीचा दिवा कोण मालवणार, यावरूनही अवघडलेपण. शेवटी भावजयीने आपल्या भावाकडे जायचं ठरवलं. मास्तरणीने थांब म्हटलं नाही. थांब म्हणायचा हक्क आपल्याकडे उरलाय असं तिला वाटत नव्हतं.

जायच्या दिवशी दोन बॅगा दाराशी होत्या. भावजय चपलांत पाय घालून तशीच उभी राहिली.

“वन्सं, एक विचारू? इतके दिवस तोंडाशी येऊन मागे जातंय.”

“विचार.”

“सगळे येऊन सांगतात, तुमच्या नणंदेने केवढं मोठं मन दाखवलं. मी मान डोलावते. मला मोठं मन नको होतं. मला एवढंच सांगा, एकदा तरी करून पाहिलंत का? एकदा तरी?”

मास्तरीण भिंतीला टेकली. सांगायचं की नाही याचा तिने विचार केला नाही. विचार करण्याइतकं त्राणच नव्हतं.

“केलं. एकदा नाही, चार-पाच वेळा केलं. झालं नाही. मी काढेपर्यंत फोटो जुना व्हायचा.”

भावजयीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. ते फोटो, तो खिळा, नवऱ्याने जेवता जेवता थट्टा केलेलं ते सगळं तिने ऐकलं होतं. त्यातलं तिला कधी काही कळलं नव्हतं.

“प्रोग्रॅम तुम्ही लिहिलेला,” ती सावकाश म्हणाली. “अख्खं शहर त्यावर चालतं. आणि तुम्हालाच त्यात एक नंबर बदलता आला नाही.”

“नाही आला.”

“आता कशाला खोटं बोलता, वन्सं? नव्हता केलात तर नव्हता केलात. निदान तेवढं तरी सरळ सांगायचं होतंत.”

मास्तरीण समजावून सांगायला लागली. काऊंटरच्या मागण्या, फंक्शनचं पुन्हा चालणं, हाताने काढलेला फोटो का मागे पडतो ते. सवयीने तिचा हात हवेत वर गेला, फळ्यावर लिहायला जातो तसा. भावजयीने तो हात पाहिला आणि बॅग उचलली. दुसरी बॅग तिच्या भावाने वर येऊन नेली. त्याने मास्तरणीला नमस्कार केला, तिच्या ऑफिसबद्दल त्यानेही चांगलंच ऐकलं होतं. “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय,” तो म्हणाला.

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मास्तरीण उघड्या दारात उभी होती. समोरच्या घरातल्या बाईने विचारलं, गेली का वहिनी. ती हो म्हणाली, दार लावून घेतलं आणि ऑफिसात जायला साडी बदलू लागली.